हरणांसाठी राखलेलं गवत

मी मुळात भित्री. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला धीट म्हणायला नको. पाल चुकचुकली तरी मी अंथरुणात उठून बसायची. आणि दिली कुठे, तर बोरी गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या गावात, त्यातही गावाच्या सगळ्यात शेवटच्या घरात. माहेर वालूरचं. दुकानांची रांग, माणसांची वर्दळ, संध्याकाळी ओट्यावर गप्पा. इथे मागचं दार उघडलं की आमची जवारी, जवारीच्या वर मुरमाड बरड, बरडाच्या पलीकडे कमरेएवढं गवत आणि मग नुसता डोंगर. लग्नानंतरचे पहिले कितीतरी दिवस मी त्या दाराकडे पाठ करून भाकरी थापायची.

नामांतराच्या दंगली होऊन गेल्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. शेजारच्या गावात घरं जळाली होती, त्यातली माणसं कुठे कुठे पांगली ती परत आली नव्हती. त्या दिवसांपासून आमच्या भागात जीपचा आवाज आला की बाया लेकरांना आत ओढून दार लावून घेत. जीप पोलिसांची आहे की आणखी कुणाची, हे बघायला कुणी थांबत नसे.

आमच्या घरात अप्पांचा शब्द शेवटचा. अप्पा म्हणजे माझे सासरे. लिंगपूजा केल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचे नाहीत, पायाखाली मुंगी आली तर पाय वरच्या वर धरून उभे राहायचे. पण हरणांनी त्यांना जेरीस आणलं होतं. डोंगरावरून काळविटांचा कळप उतरायचा आणि कोवळी जवारी शेंड्यापासून खाऊन जायचा. गावातले बाकीचे लोक फटाके वाजवत, डबे बडवत, कुणी फासेही लावत. अप्पांना फासे चालत नव्हते आणि डबे बडवून ते दमले होते.

एका सकाळी त्यांनी अंगणात माझ्या दोन्ही दिरांना आणि आमच्या यांना बसवलं आणि जवारीच्या धाटांनी जमिनीवर आमचं रान मांडलं. मी चहा घेऊन दाराआड उभी होते. आमच्यात सुनेनं सासऱ्यासमोर यायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही. काही हवं-नको असेल तर दाराची कडी वाजवायची आणि आतून सासूनं किंवा दिरानं विचारायचं, असा रिवाज.

"हाकलून हाकलून जीव गेला," अप्पा म्हणाले. "आता त्यांचं त्यांना देऊन टाकू. बरडावर हरभरा पेरायचा, त्यो त्यांचा. खालची जवारी आपली. जवारीच्या कडंनं करडईचे दाट तास घालायचे. करडईचा काटा तोंडाला लागला की जनावर माघारी फिरतंय. वर हरभरा मोकळा असताना खाली कामून येईल?"

"आन् वरचं गवत?" मोठ्या दिरांनी विचारलं.

"ते कापायचं न्हाई. पोट भरल्यावर जनावराला बसायला, लपायला जागा लागती. मादीला पाडस ठिवायला लागती. तिथं मानसानं पाऊल टाकायचं न्हाई, आन् ढोरं सोडायची न्हाईत."

मग ते धाटं सरकवत सगळं समजावून देऊ लागले. एका बाजूला गाडीरस्ता, मध्ये हरभरा, पलीकडे गवत. हरभरा गवताला चिकटूनच हवा, म्हणजे हरणाला उघड्यावर फार चालावं लागणार नाही, जराशी चाहूल लागली की एका उडीत आत. म्हातारा किती बारकाईने विचार करत होता! विहीर, ओढा, पायवाटा, बोरीची झुडपं, सगळं त्या मांडणीत होतं. दाराआड माझ्या हातातला चहा मात्र तसाच निवत राहिला.

कारण ते गवत आमचं होतं. गावाच्या ह्या टोकाच्या सगळ्या बाया पहाटे आणि दिवेलागणीला तिथेच बाहेरकडे जायच्या. माझी सासू, माझी जाऊ, शेजारच्या, पलीकडच्या. मागच्या दाराने निघून बांधाबांधाने गवतात. पुरुष ओढ्याकडे जात आणि त्या दोन वेळांना ह्या बाजूला मान वळवूनही बघत नसत. ही त्यांची अदब. पिढ्यानपिढ्या इतकी पाळलेली, की त्या बाजूला काय आहे हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. अप्पांनी ते गवत हरणांना दिलं तेव्हा त्यांच्या हिशेबी ते रिकामं होतं.

बोलायचं तरी काय आणि कुणी? दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही टमरेल घेऊन तिथेच गेलो. जागा दुसरी नव्हती.

पहिल्या वर्षी बेत असा साधला की लोक बघायला यायला लागले. राणीसावरगावचे आमचे एक पाहुणे दोन दिवस मुक्कामाला राहिले ते केवळ हरणं बघायला. कळप हरभऱ्यात उतरायचा, चरायचा आणि गवतात शिरायचा. करडई ओलांडून खाली एकही जनावर आलं नाही. अप्पा ओसरीवर बसून सांगायचे, "जनावराला बी हद्द कळती, आधी त्याला हद्द दाखवावी लागती." आणि गवतात आम्ही आणि हरणं एकमेकांना सरावलो. मी बसलेली असताना एक मादी समोर येऊन कान हलवत उभी राहायची. मी भिऊन तिच्याकडे बघायची, ती न भिता माझ्याकडे बघायची.

दुसऱ्या वर्षी हरभऱ्याला घाटे धरले आणि जीप आली.

जीपमधून उतरला तो एक कंत्राटदार. मोठा माणूस, वरपर्यंत ओळखी असलेला. बरोबर चौघे-पाचजण आणि दोन बंदुका. हरीण मारायला सरकारची बंदी आहे हे आमच्या सालगड्यालाही ठाऊक होतं, पण तक्रार ज्यांच्याकडे करायची त्यांच्यातलाच एकजण जीपमध्ये मागे बसलेला होता. कंत्राटदार ओसरीवर आला, चप्पल काढून, नमस्कार करून, अगदी रीतसर बसला.

"अप्पा, लय झकास बेत केला तुमी," तो म्हणाला. "आमी डोंगर-डोंगर जीप घेऊन हिंडायलोत, एक जनावर नजरंला पडंना. आन् तुमी तर त्यांना एका जाग्यावर आणून ठिवलंय."

अप्पा अडकित्त्याने सुपारी कातरत राहिले.

"पुढल्या साली एवढंच करा. हरभरा रस्त्याकडं आनखी जरा सरकवा. आन् गवताच्या तोंडाला बोरीची झुडपं हायत, ती काढून टाका. नेम धरताना मधी येत्यात."

"आमच्या रानात बंदूक चालत न्हाई, सायेब."

"तुमच्या रानात कोन यायलंय?" तो हसला. "रस्ता सरकारी हाय."

मी दाराआड ऐकत होते. त्याने आवाज चढवला नव्हता, शिवी दिली नव्हती, चहाही पिऊन गेला. तरी तो गेल्यावर मी मागचं दार लावून घेतलं. रस्त्यावरून बंदूक चालली तर ती हरभऱ्याकडे तोंड करून चालणार. हरभऱ्याच्या मागे काय आहे, हे ओसरीवरच्या एकाही पुरुषाला माहीत नव्हतं.

त्या आठवड्यात दिवेलागणीला पहिला बार झाला. आवाज डोंगरावर आदळून परत आला आणि गावातली सगळी दारं धडाधड लागली. मी न्हाणीत जाऊन बसले. जाऊबाई नुकत्याच गवतातून परतल्या होत्या, टमरेल अजून त्यांच्या हातातच होतं. त्या दिवसापासून आम्ही दोघींनी संध्याकाळचं जायचंच बंद केलं. दुपारनंतर पाणी पीत नव्हतो. शेजारच्या बायाही तसंच करायला लागल्या.

राहिल्या आत्याबाई. माझ्या सासूबाई. टायफॉइडच्या तापात त्यांचे दोन्ही कान गेले होते, ते मी लग्न होऊन यायच्या कितीतरी आधी. कानाशी ओरडलं तरी त्यांना ऐकू येत नसे. जीप त्यांना ऐकू येणार नव्हती, बार ऐकू येणार नव्हता, "बसा" म्हणून कुणी ओरडलं तरी ऐकू येणार नव्हतं. आणि त्यांच्या नेहमीच्या लुगड्याचा रंग मातकट, विटलेला. गवतातून त्या वाकून चालल्या तर मलासुद्धा लांबून क्षणभर कळायचं नाही.

मी हातवाऱ्यांनी बंदूक दाखवली, गवत दाखवलं, नको म्हणून मान हलवली.

"मला काय करतंय ते?" त्या म्हणाल्या. "मी का हरीण हाय?"

मी ते लुगडं धुवायच्या बोचक्यात सगळ्यात खाली दडवलं आणि माझं लाल पातळ त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी बोचकं उपसून आपलं लुगडं काढलं, ओलंच नेसल्या आणि माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. मग मी आमच्या यांना सांगितलं. नवऱ्याला सांगतानाही मी भिंतीकडे तोंड केलं होतं.

"अप्पांनी सांगितलंय ना तिकडं जायचं न्हाई म्हणून? मग जाता कामून?"

"मग कुठं जावं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. आपल्या आईबद्दल असलं काही आपल्या वडिलांना कसं सांगायचं, हे त्यांना कळत नव्हतं. "बघू," एवढंच म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. मला त्यांचा असा राग आला की भीतीसुद्धा थोडा वेळ बाजूला सरली. पण थोडाच वेळ. नंतर रोज संध्याकाळी आत्याबाई टमरेल घेऊन मागच्या दाराने निघाल्या की मी चुलीपुढे बसून रस्त्याच्या दिशेने कान लावायची, आणि परत आल्या की मगच मागचं दार लावायची.

ती संध्याकाळ थंडीची होती. आत्याबाई नुकत्याच गेल्या होत्या. तव्यावर भाकरी होती. आणि जीपचा आवाज आला. बोरीकडून चढणीला लागल्यावर इंजिन घुमतं, तो आवाज. मी भाकरी तशीच टाकली आणि मागच्या दारात आले. हरभऱ्यात हरणं उतरली होती. त्यांच्या माना वर झाल्या. पलीकडच्या गवतात कुठेतरी आत्याबाई होत्या, दिसत नव्हत्या.

आवाज रस्त्यावर थांबला.

आमचे हे आणि दीर जवारीच्या खालच्या अंगाला मोटेवर होते. घरात पुरुषमाणूस एकच, ओसरीवर बसलेले अप्पा. मी माजघराच्या दाराशी गेले आणि कडी वाजवली.

"काय पायजे?" अप्पांनी मान न वळवता विचारलं.

मला बोलता येईना. मी पुन्हा कडी वाजवली. जोरजोरात वाजवत राहिले.

"अगं काय पायजे? तिला बोलव की, तुज्या सासूला."

तेवढ्यात बार झाला. घराचा पत्रा हादरला. मी उंबरा ओलांडून ओसरीवर आले. डोक्यावर पदर होता की नव्हता, आठवत नाही.

"अप्पा, आत्याबाई गवतात हायत!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांचे डोळे समोरून पाहिले.

"गवतात?" ते म्हणाले. "कामून?"

एवढी वर्षं संसार केलेला माणूस मला मनापासून विचारत होता. नुसती उभी राहिले, खाली मान घालून. आणि त्यांना कळलं. हातातला अडकित्ता खाली पडला आणि ते अनवाणी निघाले. जवारीच्या बांधाने नाही, सरळ करडईतून. त्या करडईतून धट्टाकट्टा बैल जात नव्हता.

मी बांधाने वळसा घालून गवतात शिरले. वाकून, जवळजवळ रांगत. हरणं चारी बाजूंनी माझ्या अंगावरून उड्या मारत डोंगराकडे चालली होती. मला वाटत होतं आता पुढे गवत लाल झालेलं दिसेल. ती भीती मला अजूनही नीट सांगता येत नाही. मी मोठ्याने हाका मारत होते, ज्या बाईला ऐकू येत नाही तिला.

बोरीच्या झुडपाशी त्या सापडल्या. उठून उभ्या राहत होत्या, पळणाऱ्या हरणांकडे बघत. मी त्यांना दोन्ही हातांनी खाली ओढलं आणि अंगावर पडले. त्या मला ढकलायला लागल्या. "याड लागलं का? काय झालं?" मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. मग त्यांना गवताच्या फटीतून समोरचं दिसलं आणि त्या गप्प झाल्या.

हरभऱ्याच्या मधोमध अप्पा उभे होते. आमच्याकडे पाठ, रस्त्याकडे तोंड, दोन्ही हात आडवे पसरलेले. धोतर फाटलेलं, पायांना रक्त. त्यांच्यासमोर रस्त्यावर जीप आणि जीपवर बंदूक टेकवून उभा माणूस. बंदूक त्यांच्याकडे आणि त्यांच्या मागे आम्ही.

"अप्पा, बाजूला व्हा!" कंत्राटदार ओरडला. "बार उडंल, तुमच्याच अंगावर येईल!"

अप्पा हलले नाहीत.

"अवो काय झालं काय? कोन हाय का तिकडं?"

आता म्हणतील, असं मला वाटलं. बाया आहेत, एवढं म्हटलं की पुरे होतं. कसाही असला तरी त्याने बंदूक खाली घेतली असती. पण अप्पांनाही ते म्हणता आलं नाही. चार परक्या पुरुषांसमोर आपली बायको गवतात बसली आहे, हे त्यांच्या तोंडून निघेना. ते मरायला तयार होते, सांगायला तयार नव्हते.

"कोन न्हाई," ते म्हणाले. "हरनं हायत."

माझ्या मुठीत आत्याबाईंचा हात होता, तो त्या सोडवून घेऊ बघत होत्या. मला वाटलं त्या भ्यायल्या. तोंडाकडे बघितलं तर त्या लाजेने लालबुंद झाल्या होत्या. "ह्ये हिकडं कामून आले?" त्या माझ्या तळव्याखाली पुटपुटल्या. "ह्यांना कुनी सांगितलं?"

कंत्राटदाराने हाताने खूण करून बंदूक खाली घ्यायला लावली. मग काहीतरी वाईटसाईट बोलला, म्हाताऱ्याच्या धर्माचा उद्धार केला आणि जीप गेली. एक नर हरभऱ्याच्या कडेला पडला होता, तो त्यांनी जाण्याआधी उचलून जीपमध्ये टाकला. आवाज उतारावरून पार नाहीसा होईपर्यंत अप्पा तसेच उभे होते. मग त्यांनी हात खाली घेतले आणि एकदाही मागे न बघता करडईतून घराकडे निघाले. आम्ही तिथे आहोत हे त्यांना ठाऊक होतं. आम्ही उठून निघून जावं म्हणूनच त्यांनी मागे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घाट्यांनी लगडलेल्या त्या हरभऱ्यात आमचीच ढोरं सोडली. संध्याकाळपर्यंत बरड उघडं पडलं. दिरांनी कारण विचारलं, तर "कंटाळा आला," एवढंच. हरणं नंतर काही संध्याकाळी आली, उघड्या मातीवर तोंड लावून उभी राहिली आणि यायची बंद झाली. अप्पांनी गोठ्यामागे तुराट्यांचा एक आडोसाही उभा केला, कुणाला काही न सांगता. आत्याबाईंनी त्यात पाऊल टाकलं नाही. त्यात शिरताना सगळ्या गावाला दिसलं असतं.

माझ्याशी त्या बोलेनाशा झाल्या. भाकरी वाढताना ताट आपटायच्या. एकदा मी पाया पडून हाताने विचारलं, काय चुकलं माझं? तेव्हा त्या ताडकन म्हणाल्या, "गोळी लागली असती तर मेले असते. मेलं की संपतंय. आता ह्ये माज्याकडं बघत्यात ते कसं बघत्यात, तुला काय म्हाईत?" मी पुन्हा तेच केलं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण त्यांच्यापुढे ते बोलायची छाती झाली नाही.

किती दिवसांनी कोण जाणे, एका दिवेलागणीला त्या टमरेल घेऊन चुलीपाशी येऊन उभ्या राहिल्या. "चल," म्हणाल्या. त्या दिवसापासून आम्ही दोघी बरोबर जात होतो. हरणं नव्हती, जीपही फारशी येत नव्हती, पण माझी भीती गेली नव्हती. गवतात बसल्यावर त्या रस्त्याकडे बघत नसत, माझ्या तोंडाकडे बघत. माझा चेहरा बदलला की लगेच उठायच्या.

इकडे गावात भलतीच गोष्ट पसरली. अप्पा हरणांसाठी बंदुकीपुढे उभे राहिले, छातीचा कोट केला. कंत्राटदारानेच ती सगळीकडे सांगितली असणार. आमचे गुरू, जंगमस्वामी, घरी येऊन अप्पांना हार घालून गेले, पाहुणेरावळे लेकरांना ओसरीवर आणून दाखवू लागले. अप्पा मान खाली घालून बसायचे, ना हो म्हणायचे ना नाही. लोकांना तो विनय वाटायचा.

एकदा असेच जिंतूरकडचे लोक आले होते. एकजण रंगवून रंगवून सांगत होता, बाकीचे अप्पांच्या पायांवरचे करडईचे वण बघत होते. आत्याबाई माझ्याशेजारी दाराआड उभ्या होत्या. त्यांनी मला कोपराने डिवचलं, काय म्हणतात म्हणून. मी हाताने शिंगं केली, बंदूक केली, अप्पांसारखे हात पसरले.

त्यांनी ओसरीवरच्या त्या वाकलेल्या मानेकडे बघितलं.

"म्हनू दे," त्या म्हणाल्या. "हरनासाठी उभे ऱ्हायले म्हनून हार तरी पडला. माज्यासाठी म्हनले असते, तर ह्यांना तोंड दाखवायला जागा ऱ्हायली नसती."